बिलावर अंबाला लिहिलं असलं तरी केस वाशिमलाच लागते

मॅडम, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीरकडचं ज्युनिअर कॉलेज, संस्थेच्या नावानं हरियाणातल्या अंबाल्याहून बायनॉक्युलर (दोन्ही डोळ्यांनी बघायचा) मायक्रोस्कोप मागवला, खोका आला भर उन्हाळी सुट्टीत, जूनच्या शेवटी उघडला तर एकच स्लाईड दोन-दोन दिसते अन् पोरांची डोकी दुखतात. दुकानदार म्हणतो सात दिवस होऊन गेले, बिलावर 'वाद फक्त अंबाला कोर्टात' छापलंय. इकडे संस्थावाले म्हणतात पैसे तुमच्या पगारातून कापू.

पगाराची भीती आधी काढून टाका. ऑर्डर तुम्ही दिली म्हणून सरळ कपात होत नाही, तुमचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, लेखी नोटीस देऊन तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. कोऱ्या किंवा 'मान्य आहे' असल्या कागदावर सही अजिबात करू नका.

आता पुरावा, खरा जीव यातच आहे. दुकानदार म्हणणारच की तुम्हाला सेट करता येत नाही. म्हणून दोन नळ्यांतलं अंतर डोळ्यांप्रमाणे जुळवा, एका डोळ्यानं फोकस करा, मग दुसऱ्या डोळ्यासाठी आयपीसची (डोळा लावायच्या भिंगाची) रिंग फिरवा. तरी दोनच दिसत असेल तर बहुतेक आतल्या प्रिझमची जुळणी बिघडलेली आहे. 4एक्सच्या भिंगावर ग्राफ पेपरचा एक ठिपका डाव्या नळीत मधोमध आणा, स्टेज न हलवता दोन्ही आयपीसमधून मोबाईलनं फोटो घ्या, उजव्या नळीत ठिपका कडेला सरकलेला असेल तर तो फोटोच बोलतो. गावातल्या रिपेअरवाल्याला स्क्रू उघडू देऊ नका, वॉरंटी अन् पुरावा दोन्ही जातील. गरज पडली तर ग्राहक आयोग स्वतः वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथं आहे तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, बिलावरच्या छापील ओळीनं तो हक्क जात नाही, म्हणजे तुमची तक्रार वाशिमला. शिकवण्यासाठी घेतलेली वस्तू आहे, धंद्यासाठी नाही, तेही स्पष्ट लिहा. पण बिल संस्थेचं आहे, तक्रारही संस्थेनंच करायची, तुम्हाला अधिकार देणारा ठराव घ्या. मुदत 2 वर्षं, 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील पाहिजेच असंही नाही.

त्याआधी याच आठवड्यात संस्थेच्या लेटरहेडवर स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, 15 दिवसांत बदलून द्या नाहीतर पैसे परत. बिल, वॉरंटी कार्ड, ट्रान्सपोर्टची पावती अन् तो खोका, सगळं जपून ठेवा. दिवाळीनंतर प्रॅक्टिकल्स तोंडावर येतील, पोरांना कांद्याची पेशी नीट दिसायलाच पाहिजे.