लॅम्पशेड हलकी, खोकं जड

पदवीचं शेवटचं वर्ष, हाताने केलेल्या कागदी लॅम्पशेडच्या इन्स्टाग्रामवरून चाळीस ऑर्डरी, आणि आता परीक्षा पुढे ढकलून पूर्णवेळ ह्यातच उतरायचा विचार. बाबांना मात्र हा टाइमपास वाटतो, असं तू लिहिलंयस.

मला तो टाइमपास वाटत नाही. पण चाळीसपैकी बत्तीस ऑर्डरी तू स्वतः नेऊन दिल्यास, हे तुझ्याच पत्रात आहे. म्हणजे ती बरीचशी ओळखीतली माणसं. ती कौतुकाने घेतात, उशीर चालवून घेतात, वस्तू चेपली तरी परत करत नाहीत. धंदा मोजायचा तो उरलेल्या आठांवरून.

आता तुझा हिशोब. कागद, तार, गोंद धरलास. स्वतःची मजुरी धरली नाहीस. आणि 'वजन जेमतेम ४०० ग्रॅम' म्हणून कुरिअर किरकोळ धरलंस. गफलत इथे आहे. प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे लागतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि, बऱ्याच कंपन्यांच्या पद्धतीने, ५००० ने भागायचं. तुझं खोकं तिन्ही बाजूंनी ३० सेंमी, म्हणजे ५.४ किलो! तीच लॅम्पशेड घडीची केलीस आणि खोकं ५ सेंमी उंचीवर आलं, तर ०.९ किलो. जाहिरातीवर पैसे घालण्याआधी हे जमतंय का बघ. घडीची वस्तू वाटेत चेपतही कमी. चेपून परत आलेल्या एका नगात जातानाचं भाडं, येतानाचं भाडं आणि माल असं तिन्ही बुडतं. शंभरात वीस उरत असतील तर चारेक ऑर्डरींची कमाई सहज जाते.

स्वतःची वेबसाइट की मार्केटप्लेस, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल एकत्र विकणारी ऑनलाइन बाजारपेठ? सध्या मार्केटप्लेस. कमिशन जातं, पण गिऱ्हाईक आयतं येतं. वेबसाइटवर ते तुलाच ओढून आणावं लागेल.

परीक्षा मात्र दे. बाबांसाठी नव्हे. मार्केटप्लेसवरचे पैसे काही दिवसांनी मिळतात, कागद आधी घ्यावा लागतो. त्यामुळे ऑर्डरी वाढल्या की आधी हातातली रोकड आटते, चालता धंदासुद्धा त्यात अडकतो. आज घरखर्च तुझ्यावर नाही, तोवर ही ओढाताण शिकून घे.

त्या आठ ऑर्डरींच्या कुरिअरच्या पावत्या काढ, मजुरी धरून प्रत्येकीत काय उरलं ते लिही आणि बाबांना दाखव. मलाही पाठव.