प्रवासी वाढले म्हणजे विमानतळ सुधारला का?

प्रश्न : विकसनशील देशांतील विमानतळांची कामगिरी सांगताना बहुधा प्रवासीसंख्या आणि नफा हे दोनच आकडे पुढे केले जातात. तेवढ्यावरून विमानतळ चांगला चालतो असे म्हणता येईल का?

उत्तर : नाही. प्रवासीसंख्या ही मुख्यतः मागणीची खूण आहे. पर्यटन वाढले किंवा स्वस्त विमानसेवा सुरू झाली, की विमानतळाने काडीचाही बदल न करता ती वाढते. नफ्याचेही तसेच आहे. वर्षाला दहा लाखांहून कमी प्रवासी असलेले बहुतेक विमानतळ जगभर तोट्यातच चालतात, कारण धावपट्टी, अग्निशमन आणि सुरक्षा यांचा खर्च प्रवासी कमी म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. दुर्गम भागातील छोट्या विमानतळाची राजधानीच्या विमानतळाशी तुलना करून त्याला नापास ठरवणे म्हणूनच अन्यायाचे होते.

उत्पादकता मोजताना एक प्रवासी किंवा १०० किलो माल म्हणजे एक ‘कार्यभार एकक’ धरण्याची पद्धत रूढ आहे. समजा, एका विमानतळावर वर्षाला १० लाख प्रवासी आणि ५,००० टन माल येतो-जातो. म्हणजे साडेदहा लाख एकके झाली. कर्मचारी ६०० असतील, तर दरडोई १,७५० एकके पडतात. आता सामान हाताळणी आणि सफाई कंत्राटदाराकडे देऊन २५० माणसे हजेरीपटावरून उतरवली, की हाच आकडा ३,००० होतो! काम तेच आणि बहुधा माणसेही तीच. म्हणून दरडोई आकड्यासोबत कंत्राटाचा खर्च धरून प्रति एकक एकूण खर्चही पाहावा. मजुरी स्वस्त असलेल्या देशात माणसे जास्त असणे हा आपोआप दोष ठरत नाही. परकी चलनातल्या कर्जाचे हप्ते मात्र वेगळे दाखवावेत, नाहीतर चलन घसरल्याचे खापर व्यवस्थापनावर फुटते.

प्रवाशाच्या दृष्टीने रांगेतला वेळ महत्त्वाचा, आणि तिथे सरासरी फसवी असते. दिवसभर ओस पडलेल्या कक्षात लागोपाठ तीन विमाने उतरली, तर त्या तासातली रांगच मोजली पाहिजे. शंभरातील ९५ प्रवासी किती मिनिटांत बाहेर पडले, हा प्रश्न अधिक प्रामाणिक आहे. पारपत्र तपासणी, सीमाशुल्क आणि हवाई वाहतूक नियंत्रण ही कामे पुष्कळदा वेगवेगळ्या सरकारी खात्यांकडे असतात, तेव्हा प्रत्येक टप्प्याची वेळ स्वतंत्र नोंदवावी.