प्रश्न-उत्तर : पातळ थराच्या सेन्सरची संवेदनशीलता

प्रश्न : मी कोल्हापुरात भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. शिरोलीच्या फौंड्रीत ओतिवांची अल्ट्रासॉनिक तपासणी पाहिली. पातळ थराच्या पिझोइलेक्ट्रिक (ताण पडल्यावर विद्युतभार निर्माण करणाऱ्या) सेन्सरची संवेदनशीलता थर जाड करून वाढेल का?

उत्तर : केवळ जाडीने नाही. थर जाड केल्यास व्होल्टेज वाढण्यास मदत होते, परंतु ध्वनिलहरींनी वाकणारा, थर आणि सिलिकॉन मिळून बनलेला सेन्सरचा पडदाही ताठर होतो. म्हणून थर आणि त्याखालील सिलिकॉन यांच्या जाडीचा विचार एकत्रच करावा लागतो.

पदार्थाची निवड मला अधिक महत्त्वाची वाटते. पीझेडटी (लेड झिर्कोनेट टायटनेट) लहरी सोडण्यासाठी उत्तम आहे, पण त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचे माप) फार मोठा असल्यामुळे निर्माण झालेल्या विद्युतभाराचे व्होल्टेज फारसे चढत नाही. ॲल्युमिनियम नायट्राइडचा हा स्थिरांक सुमारे १० असल्याने, विद्युतभार कमी असूनही, लहरी टिपण्यासाठी तो सरस ठरू शकतो. त्यात स्कँडियम मिसळल्यास पिझोइलेक्ट्रिक गुणांक (ठरावीक बलामागे मिळणारा विद्युतभार) कित्येक पटींनी वाढतो, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले. मात्र स्फटिकांचा अक्ष पृष्ठभागाला लंब राहिला नाही, तर हा लाभ मिळत नाही.

कडा घट्ट धरलेल्या गोल पडद्यावर त्रिज्येच्या सुमारे ७० टक्क्यांपलीकडे ताणाचे चिन्ह उलटते आणि तिथला विद्युतभार आतल्या भाराला खोडतो, त्यामुळे विद्युतभार गोळा करणारा इलेक्ट्रोड त्याच्या आतच ठेवावा.

केबलकडे विद्यार्थी हमखास दुर्लक्ष करतात. नेहमीच्या कोएक्सियल केबलची धारिता (कपॅसिटन्स) मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड असते, तर सूक्ष्म सेन्सरची अनेकदा काही पिकोफॅरडच. लांब केबलमध्ये सेन्सरचा विद्युतभार विभागला जाऊन व्होल्टेज घटते, म्हणून प्रवर्धक (ॲम्प्लिफायर) सेन्सरलगतच बसवावा.