दुधाच्या दाढा, गूळ आणि वाढते वजन

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. शाळेतील तपासणीत त्याचे वजन जास्त असल्याचे आणि चार दाढा किडल्याचे आढळले. लठ्ठपणामुळे दात किडतात का? आम्ही साखरेऐवजी गूळ देतो. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात पडणारच आहेत. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लठ्ठपणामुळे दात किडत नाहीत, दोन्ही दुखण्यांचे मूळ मात्र बहुधा एकच असते, ते म्हणजे साखर. दाढा किडलेली काटकुळी मुलेही माझ्याकडे येतात, कारण ठणका लागला की त्यांना धड जेवता येत नाही.

वजनाच्या बाबतीत एकूण साखर किती गेली, हे पाहावे लागते. शीतपेयाने पोट भरत नाही, त्यामुळे मूल नेहमीइतकेच जेवते आणि 300 मिलिलिटरच्या बाटलीतील सुमारे 30 ग्रॅम साखर वर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांहून कमी, शक्यतो 5 टक्क्यांच्या आत, अशी आहे. दिवसाला दीड हजार उष्मांक लागणाऱ्या मुलासाठी 10 टक्के म्हणजे जेमतेम 37 ग्रॅम.

दातांच्या बाबतीत साखर किती वेळा आणि किती चिकट, याला फार महत्त्व आहे. तोंडातील जिवाणू काही मिनिटांतच साखरेचे आम्ल करतात, त्यात दातावरचे कवच विरघळू लागते आणि ते सावरायला लाळेला अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. स्वीडनमधील विपेहोल्म या रुग्णालयात 1940 च्या दशकात मतिमंद रुग्णांवर, त्यांच्या संमतीविना, झालेल्या प्रयोगात जेवणासोबत घेतलेल्या साखरेपेक्षा मधल्या वेळी खाल्लेल्या चिकट टॉफीने दात कितीतरी अधिक किडले. त्या माणसांवर घोर अन्याय झाला. निदान त्यांनी सोसून मिळालेले हे ज्ञान आपण वाया घालवू नये. दुधात बुडवलेले बिस्कीट दाढेच्या खाचेत लगद्यासारखे बसते, आणि शाळेतून आल्यावर एक, खेळून आल्यावर एक, असे चालले की लाळेला उसंतच मिळत नाही. गूळ, काकवी आणि मध यांतही जिवाणूंना साखरच मिळते, म्हणून चिक्कीचा तुकडा द्यायचाच असेल तर तो जेवणाबरोबर द्यावा. मधल्या वेळी शेंगदाणे, फुटाणे किंवा काकडी चालेल.

सासूबाईंचे म्हणणे अर्धेच खरे आहे. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. तिलाही दुधाची समजून कित्येक पालक दुर्लक्ष करतात, याचे मला फार वाईट वाटते. आज रात्री मुलाला जबडा उघडायला सांगून बॅटरीच्या उजेडात सर्वांत मागची दाढ पाहा. ती निरोगी असेल तर तिच्या खोल खाचा दंतवैद्यांकडून आताच भरून घेता येतील. किडलेल्या चारही दाढांवर याच महिन्यात उपचार सुरू करा. रात्री वाटाण्याएवढ्या फ्लोराइडयुक्त पेस्टने तुम्ही स्वतः त्याचे दात घासून द्या आणि त्यानंतर पाण्याखेरीज काहीही देऊ नका, दूधसुद्धा नाही.