देशी झाडं, प्राणी, मासे वाचवायला सरकारचं नक्की धोरण काय आहे? मुंबईत त्याचा काही उपयोग होतो का?

मुख्य कायदा म्हणजे जैवविविधता कायदा 2002. त्याखाली चेन्नईला राष्ट्रीय प्राधिकरण, आपलं राज्य मंडळ नागपूरला, आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेने स्वतःची समिती नेमून आपल्या भागातल्या झाडांची, प्राण्यांची, औषधी वनस्पतींची लोकांना विचारून नोंदवही करायची असते. कागदावर हे खरंच चांगलंय, पण बऱ्याच ठिकाणी नोंदवही एजन्सीकडून घाईघाईत भरून घेतात आणि रस्ता किंवा बिल्डिंग मंजूर करताना ती कोणी उघडूनही बघत नाही, याचा मला फार राग येतो. त्यात 2023 च्या दुरुस्तीने जेलची शिक्षा काढून फक्त दंड ठेवला, ते मला अजिबात पटलेलं नाही.

मुंबईत फरक पडलाय तो कांदळवनांत, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या जंगलात. 2005 ला हायकोर्टाने तोडीवर बंदी घातली, मग 2012 ला वनखात्याचा वेगळा कांदळवन कक्ष झाला, म्हणजे जबाबदार कोण ते तरी ठरलं. ठाणे खाडी 2015 ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 ला रामसार स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. 2023 ला पापलेट राज्यमासा झाला, पण पिल्लं जाळ्यात येतायत तोवर नुसत्या मानाने काय होणार, लहान मासा पकडायचा नाही हा नियम बंदरावर पाळला गेला पाहिजे.

आणि झाडं लावताना प्लीज गुलमोहर, रेन ट्री नको, दोन्ही बाहेरची आहेत. ताम्हण, करंज, बकुळ लावा, आणि तुमच्या महापालिकेची नोंदवही कुठेय ते माहिती अधिकारात विचारा.