नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात जागा घेताय? टोकन देण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही दोघं ठाण्याहून फेब्रुवारीत वायनरी बघायला आलात, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरचा परिसर मनात भरला. आता निवृत्तीनंतर इथेच दहा गुंठ्यांत छोटं घर बांधायचं आणि तोवर ते पर्यटकांना भाड्याने द्यायचं असं ठरतंय. एजंटने दिंडोरी रस्त्याला ‘द्राक्षबागेला लागून’ प्लॉट दाखवलाय आणि तो टोकन मागतोय. मी दिंडोरी तालुक्यातली, घरची द्राक्षबाग आहे, म्हणून सविस्तर लिहिते. टोकन अजून दिलं नसेल तर थांबा.

आधी फिरण्याचं, कारण ते सोपं आहे. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत चालते. भल्या पहाटे, ऊन तापायच्या आत, बायका-पुरुष कात्र्या घेऊन बागेत उतरतात आणि क्रेट भरून माल थंड असतानाच वायनरीत पोचतो. ते बघायचं असेल तर सकाळची फेरी घ्या आणि आठवड्यातल्या मधल्या वारी या. शनिवार-रविवारी गंगापूर-सावरगाव रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. २६ आणि ३० जानेवारीला ड्राय डे असतो, टेस्टिंग बंद. जोडून सुट्टी आली म्हणून दरवर्षी कितीतरी लोक नेमके तेव्हाच येतात. वायनऱ्यांपैकी सुला आणि यॉर्क एकमेकांजवळ आहेत, सोमा गंगावऱ्ह्याला, शांदों दिंडोरीकडे. ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने इगतपुरी तालुक्यात सांजेगावला, म्हणजे मुंबईहून येताना त्या आधी लागतात. एका दिवसात दोनच करा, आणि गाडी चालवणाऱ्याने चव घेऊ नये.

आता जागेचं. तुम्ही बाग तिच्या सर्वांत देखण्या महिन्यात पाहिलीत. आमच्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते आणि पीक एकदाच येतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की नुसते ओंडके, तारा आणि धूळ उरते. त्याच सुमारास धरणाचं पाणी आत सरकतं आणि बॅकवॉटरच्या जागी भेगाळलेला गाळ दिसतो. म्हणून मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा याच प्लॉटवर येऊन उभे राहा. पावसाचाही फरक समजून घ्या. त्र्यंबक-इगतपुरीकडे तो मुसळधार असतो, इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. तिथल्या बंद घरात कपाटातल्या चादरींनाही बुरशी येते. तेच पूर्वेला निफाडकडे गेलात की पाऊस अगदी बेताचा. एकाच जिल्ह्यात इतका फरक आहे, तेव्हा ‘नाशिकचं हवामान छान’ एवढ्यावर जागा ठरवू नका.

माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. ‘द्राक्षबागेला लागून’ म्हणून जो जादा भाव सांगितला जातोय, तो शेजारच्या शेतकऱ्याच्या बागेचा आहे आणि ती बाग तुमच्या खरेदीखतात कुठेच नाही. उद्या त्याने वेली उपटून टोमॅटो लावले तर तुम्ही काही म्हणू शकत नाही, आणि म्हणूही नये. हे इथे घडलेलं आहे. राज्याचं २००१ चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं, त्या जोरावर अनेकांनी वाइनच्या जाती लावल्या. २००८-०९ च्या मंदीनंतर त्या द्राक्षांना गिऱ्हाईक मिळेना. या जातींचे मणी बारीक, जाड सालीचे, बियांचे. बाजारात खायला म्हणून ते विकता येत नाहीत. लोकांनी उभ्या बागा काढून टाकल्या. थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, लावणाऱ्यांचंही फार वेगळं नाही. ऐन काढणीत अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात, वर्षाचा खर्च अंगावर येतो, आणि अशा दोन-तीन वर्षांनंतर शेतकरी बाग ठेवायची की प्लॉट पाडायचे याचा हिशेब करू लागतो. त्या हिशेबातूनच तुम्हाला दाखवलेले प्लॉट तयार होतात. म्हणजे आज बागेला लागून असलेला प्लॉट दहा वर्षांनी दुसऱ्या प्लॉटला लागून असण्याची शक्यता बरीच आहे.

आणि बाग टिकली तर? तर तिच्या शेजारी राहणं कसं असतं तेही ऐका. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांवर फूट आणणारी पेस्ट लागते, कोंब फुटतात, आणि तिथून पुढे ढगाळ हवा आली की दावण्या, भुरी, करपा या रोगांच्या धास्तीने फवारण्या सुरू होतात. ट्रॅक्टरचा ब्लोअर पहाटे, कधी रात्रीही चालतो. आवाज मोठा असतो आणि औषधाचा वास वाऱ्याबरोबर अंगणात येतो. शेतकऱ्याला दोष देऊ नका, एक दिवस चुकला तर घड हातचे जातात. पण व्हरांड्यात चहा घेत बसलेल्या पाहुण्यांना हे आवडत नाही, आणि दमा असलेल्या माणसाला सोसत नाही. तुमच्या घरात कुणाला श्वासाचा त्रास असेल तर बागेपासून अंतर राखूनच घर बघा.

पाण्याचाही विचार करा. बोअर लागलं तरी मे महिन्यात ते किती चालतं हे शेजाऱ्याला विचारा, एजंटला नको. वाघाडसारख्या धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था आवर्तनाप्रमाणे वाटून घेतात. त्यात नव्या बंगल्याचा हक्क आपोआप येत नाही. संध्याकाळनंतर बिबट्याची भीती हे इथलं रोजचं वास्तव आहे. ऊस जवळ असेल तर कुत्रा बाहेर बांधू नका आणि अंधारात एकटं फिरू नका.

आता कागद. इथे मी थोडी कडक बोलणार आहे.

तुम्ही शेतकरी आहात का, म्हणजे तुमच्या नावावर सातबारा आहे का? नसेल तर कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ‘माझ्या नावावर घेऊ, नंतर बघू’ असं कुणी सुचवलं तर तिथून उठा. दहा गुंठ्यांच्या ‘फार्महाऊस प्लॉट’चा प्रकार बहुतेक वेळा असा असतो: मूळ एक-दोन एकरांचा एकच गट, त्यावर आठ-दहा अनोळखी लोकांची नावं सामाईक सातबाऱ्यावर चढवलेली, आणि हद्दी फक्त एजंटच्या नकाशात. कुणाचा तुकडा कुठला याला सरकारी मोजणीचा आधार नाही. त्यातल्या एकाने वाद काढला की सगळे अडकतात. शेतघर बांधायलाही निदान एकरभर म्हणजे ४० आर क्षेत्र लागतं, त्यामुळे दहा गुंठ्यांवर ‘बांधकामाला काही अडचण नाही’ हे वाक्य कागदावर मागा. मिळणार नाही.

दिंडोरी, इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर भागात आणखी एक गोष्ट सगळ्यात आधी तपासायची. इथली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे मंजुरीशिवाय घेता येत नाही. विकणारा आज बिगर-आदिवासी असला तरी जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, उघडून बघा, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ती जमीन कुणाकडून आली ते त्यात दिसतं. हा नियम मला मनापासून योग्य वाटतो. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांतून छाटणीला येणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांमध्ये अशी माणसं आहेत, ज्यांच्या आजोबांची जमीन कधीच हातातून गेली. त्या साखळीत पैसा घालू नका. त्याशिवाय सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), कूळ, देवस्थान इनाम किंवा ‘इतर हक्कात’ बँकेचा, सोसायटीचा बोजा आहे का ते पाहा. रस्ता नकाशावर आहे की नुसती वहिवाट, तेही पाहा. धरणाजवळ किंवा नदीकाठी असेल तर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते, विचारा. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजांच्या नोंदींचा अहवाल) तुमच्या वकिलाकडून घ्या, विकणाऱ्याने दिलेला नको.

भावाबद्दल एकच सांगते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ मध्ये सुरू झाला आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. या दोन गोष्टी सांगून सध्या कुठल्याही माळरानाचा भाव वाढवला जातोय. सिंहस्थातली गर्दी नाशिक-त्र्यंबकला स्नानासाठी येते, ती तुमचा बंगला वर्षभर भाड्याने घेणार नाही. वायनरीच्या पाहुण्यांचा हंगाम मोजका आहे. त्यात सुला, सोमासारख्या वायनऱ्यांची स्वतःची राहण्याची सोय आहे आणि गंगापूर धरणावर एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) रिसॉर्टही आहे. ‘खात्रीशीर मासिक परतावा’ हे शब्द ब्रोशरमध्ये असले तर ती खात्री कोण देतंय ते लेखी घ्या. कृषी पर्यटनाचं राज्याचं २०२० चं धोरण चांगलं आहे, पण ते शेती करणाऱ्यांसाठी आहे, बंद बंगल्यासाठी नाही.

मग काय करावं? मला विचाराल तर पहिलं वर्ष गंगापूर रोड किंवा मखमलाबाद बाजूला घर भाड्याने घ्या. दवाखाने, बाजार, बस सगळं हाताशी, आणि बागा गाडीने जवळच. वर्षभर राहूनही इथेच राहायचं वाटलं तर शहराच्या हद्दीत फ्लॅट किंवा रो-हाऊस घ्या. जमीनच हवी असेल तर मंजूर लेआउटमधला, रीतसर बिनशेती झालेला, स्वतंत्र सातबाऱ्याचा प्लॉट घ्या. लेआउट ५०० चौरस मीटरच्या वरचा आणि आठहून जास्त प्लॉटचा असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर मागा आणि तो साइटवर स्वतः टाकून बघा. सध्या दाखवलेल्या प्लॉटचा गट नंबर आणि गाव एजंटकडून घ्या, महाभूलेख या सरकारी साइटवर सातबारा बघा. नावं एकापेक्षा जास्त दिसली किंवा वर्ग-२ दिसला तर इथे लिहा, पण गट नंबर जाहीर टाकू नका, व्यक्तिगत निरोपात पाठवा. जुन्या फेरफारांची भाषा वाचायला मी मदत करीन.