जुन्या फर्ग्युसन ट्रॅक्टरचं १:१० चालतं मॉडेल करतोय. मोटर किती आरपीएमची घेऊ?

३० आरपीएमची, १२ व्होल्टची मेटल गिअर मोटर घ्या. पुण्यात तापकीर गल्लीत मिळेल. मागचं चाक १२५ मिमीचं असेल तर मॉडेल मिनिटाला साधारण १२ मीटर जातं, म्हणजे खऱ्या ट्रॅक्टरच्या हिशेबात ताशी ७ किमी. १०० आरपीएमची लावलीत तर सुसाट पळेल आणि जुन्या ट्रॅक्टरचा सगळा रुबाब जाईल.

खरी गोम पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये आहे. तो चार स्क्रूंनी आवळू नका. मधोमध एकाच ३ मिमीच्या पिनवर झुलता ठेवा, दोन्हीकडे ८-१० अंश. नाहीतर ढेकळावर मागचं एक चाक उचललं जातं, डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) तेच नुसतं गरगरतं आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही. ओढताना तोंड वर उठत असेल तर हुक मागच्या अ‍ॅक्सलच्या खाली घ्या, बॉनेटखाली शिसं भरा. गिअर पितळीच हवेत. मोटर तापली की पीएलएचे (थ्रीडी प्रिंटिंगचं प्लास्टिक) दाते मऊ पडतात.